सांता फेमध्ये दीड दिवस आहोत, सोबत शाकाहारी आई आहे. स्थानिक लोक जातात अशी खाण्याची ठिकाणं आणि दुकानं कोणती?

आधी आईंचं बघू, कारण तिथंच मी फसलोय. मी राहतो अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात, सांता फे तासाभरावर. माझे आईबाबा आले होते तेव्हा एका ठिकाणी "साधे बीन्स" म्हणून मागवले, त्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी निघाली. कळेपर्यंत आईची अर्धी वाटी संपली होती. तेव्हापासून मी सगळीकडे विचारतो: बीन्समध्ये लार्ड आहे का? मिरचीच्या लाल रश्श्यात, हिरव्या रश्श्यात मांस किंवा चिकनचं पाणी आहे का? लाजू नका, वाढणाऱ्यांना सवय असते.

तेही तुम्हाला विचारतील, "रेड ऑर ग्रीन?" थट्टा नाही, हा न्यू मेक्सिकोचा अधिकृत राज्यप्रश्न आहे. मिरची तीच. कोवळी भाजून सोलली की ग्रीन. पिकवून, वाळवून शिजवली की रेड. ठरत नसेल तर "ख्रिसमस" म्हणा, दोन्ही येतात.

एक जेवण प्लाझाजवळच्या, म्हणजे मुख्य चौकाजवळच्या, 'द शेड'मध्ये कराच. १९५३ पासूनचं हॉटेल, जुन्या मातीच्या वाड्यात, एकातून एक निघणाऱ्या खोल्या. निळ्या मक्याच्या तॉर्तियाचं (पातळ भाकरीचं) एन्चिलाडा मागवा, वर लाल रस्सा. कोल्हापुरी तांबड्याची अपेक्षा ठेवू नका. हा मातकट, किंचित गोडसर, आणि तिखट मागाहून चढतं. सोबतचा गार्लिक ब्रेड रस्सा पुसायला. सकाळी 'तिया सोफियाज'चा ब्रेकफास्ट बरिटो (सारण भरून गुंडाळलेली तॉर्तिया), पण रात्रीच्या जेवणाला तिथं जाऊ नका, बंद असतं. आईंना कंटाळा आला तर 'पेपर डोसा' आहे. तिथं भाजलेली हिरवी मिरची आणि चीज घातलेला डोसा मिळतो. माझ्या आईने आधी नाक मुरडलं, मग दुसरा मागवला.

खरेदी म्हणाल तर 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स'च्या ओसरीत. भिंतीला टेकून मूळनिवासी कारागीर चादरीवर चांदी आणि फिरोज्याचे दागिने मांडून बसतात. ते बहुधा विकणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनीच घडवलेले असतात, म्हणून तुळशीबागेसारखी घासाघीस नको. फोटो विचारून काढा. कॅन्यन रोडवरच्या कलेच्या गॅलऱ्या फुकट बघण्यासाठी. किमती बघून आम्ही गप्प बाहेर आलो. 'काकावा' या चॉकलेटच्या दुकानात मिरची घातलेलं प्यायचं चॉकलेट मात्र चुकवू नका, लहान कप पुरतो.

शनिवार असेल तर सकाळी रेलयार्डचा शेतकरी बाजार. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात गेलात तर जाळीच्या फिरत्या पिंपात, गॅसच्या ज्वाळेवर हिरव्या मिरच्या भाजत असतात. असा खमंग वास, की आई म्हणाली, ठेच्याला घ्या. आम्ही घेतल्याही. जवळच्या चिमायो गावच्या मिरचीची लाल पूडही आईने नेली. सांगलीला पोचल्यावर फोन आला: "रंग छान आहे रे, पण तिखट कुठाय?"