'रेखांशीय अभ्यास'? नको बाप्पा

एका ताईनं विचारलं का एम.ए. मानसशास्त्राच्या नोट्समधे लाँजिट्यूडिनल स्टडीला 'रेखांशीय अभ्यास' लिहिलंय, ते चालते का. मला तर नाही पटत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लांबी, नकाशावरचा रेखांश हा त्याचा एक उपयोग, आन डिक्शनरी पाहणाऱ्यानं नेमका तोच उचलला.

'दीर्घकालीन' थोडं बरं, पण मुद्दा काळ लांब असण्याचा नाहीच, मुद्दा हा का तीच माणसं परत परत मोजायची. पऱ्हाटीचंच घ्या ना, एकाच दिवशी पंधरा दिवसाची, महिन्याची, दोन महिन्याची अशी तीन वावरं फिरून उंची घेतली तर तो क्रॉस-सेक्शनल, त्यात कोणतं झाड खुंटलं आन कोणतं मागून येऊन पुढं गेलं काहीच कळत नाही. वीस झाडांना चिंध्या बांधून दर आठ दिवसांनी तीच मोजली तर लाँजिट्यूडिनल. फ्रान्समधे माँबेयार म्हणून एकानं १७५९ ते १७७७ स्वतःच्या पोराची उंची अशीच मोजत ठेवली होती!

म्हणून मी 'मागोवा अभ्यास' म्हणतो. कोणी म्हणन मागोवा म्हणजे मागं वळून पाहणं, पण रोह्याचा (नीलगाईचा) माग काढणारा पुढंच चालते ना राजेहो.

याच्याच पुढचा शब्द ग्रोथ कर्व्ह. आमची वहिनी अंगणवाडी सेविका हाय, दर महिन्याला लेकराचं वजन घेते आन कार्डावर टिंब मारते, टिंबं जोडली का रेघ. मानसशास्त्रवाले वाचनाचा वेग, चिडचिड असंच मोजतात, मग सगळ्यांची मिळून एक सरासरी रेघ, आन प्रत्येक पोराची सुरुवात आन चढ तिच्यापासून किती वेगळा, हे ग्रोथ कर्व्हचं गणित, म्हणजे मॉडेल, सांगते. आता चिडचिड कमी होत गेली तर तिला 'वाढ' कसं म्हणावं? म्हणून 'बदलरेघ' बरा.

वहिनीच्या कार्डात मधले महिने कोरे राहतात, मायबाप वीटभट्टीवर जातात तर लेकरूही जाते. लेअर्ड आन वेअर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८२ मधे मांडलेल्या पद्धतीत अशी तुटक रेघही चालते, सगळ्यांची टिंबं सारखीच असली पाहिजे असं नाही. आन जे लेकरू परत येतच नाही, त्याच्या अशा सुटून जाण्याला इंग्रजीत अॅट्रिशन, त्यासाठी नवा शब्द नका शोधू, शाळेच्या रजिस्टरातला 'गळती' आयताच हाय.