मुधोळ कुत्र्यासाठी ट्रेडमिल घ्यावी की त्याला बाहेर फिरवावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दीड वर्षाचा मुधोळ आहे, नोकरीमुळे सकाळी वेळ नसतो आणि त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणून ट्रेडमिल घ्यावी का, आणि घेतली तर रोज किती मिनिटं चालवावी. सरळ सांगते, घेऊ नका. माणसांची तर अजिबातच नको. का ते सांगायला मला आमच्या भावजींपासून सुरुवात करायला लागेल, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. सीमाप्रश्न 1956 पासून पडलाय, त्या मानानं आमचा नवीनच म्हणायचा.

आम्ही अनगोळचे. आमच्या लॅब्रॅडॉरचं नाव गुंड्या. पुढं तो नावाला चांगलाच जागला, 44 किलोवर गेला. नर लॅब्रॅडॉर साधारण 29 ते 36 किलोत असायला पाहिजे. हे कशानं झालं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई भाकरी थापायला बसल्या की तव्यावरची पहिली भाकरी दुधात कुस्करून त्याला. ह्यांच्या ताटातला शेवटचा घास त्याला. पोरं शाळेतून आली की बिस्किटांचा अर्धा पुडा त्याला. कोण पाहुणा कुंदा घेऊन आला तर डबा चाटायचा मान पण त्याचाच. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला, बरगडी काय हाताला लागेना. म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हा गुडघ्यांनी बसणार."

त्याच संध्याकाळी मी घरात सांगितलं की उद्यापासून पहाटे मी त्याला येळ्ळूर रोडनं फिरवून आणते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात त्या बोलल्या नाहीत म्हणजे नाहीच म्हणायचं असतं. मग बेंगळूरहून भावजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही कशाला पहाटे कुत्रं घेऊन रस्त्यानं फिरताय? बरं दिसत नाही. माझी ट्रेडमिल इथं नुसती पडून आहे, पाठवून देतो. घरातल्या घरात काम होतंय."

आली ट्रेडमिल, लॉरीनं. भाडं आम्ही भरलं, हे मुद्दाम लिहून ठेवते. हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवली. भावजी दिवाळीला येऊन "ट्रेनिंग" देणार होते, तोवर तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते.

दिवाळीत भावजी आले. गुंड्याचा पट्टा त्यांनी मशीनच्या दांडीला बांधला. मी म्हटलं, बांधू नका, पडला तर गळ्याला फास बसेल. तर म्हणाले, व्हिडिओत असंच करतात. एका हातात बिस्किट धरलं, दुसऱ्यानं बटण दाबलं. माणसांच्या घरगुती मशीनचा पट्टा असतो सव्वा मीटरभर लांब, आणि पाय मोकळे टाकत चालणाऱ्या मोठ्या कुत्र्याला तो पुरत नाही. गुंड्या पहिली चार पावलं बिस्किटाकडं बघत टाकून गेला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण चालतोय खरं बिस्किट काही जवळ येईना. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मागचा एक पाय कडेच्या प्लास्टिकवर टाकला, तो घसरला, आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. पट्टा जागच्या जागी थांबला, गुंड्या छातीवर पुढं गेला, गळ्याचा पट्टा ताणला, आणि सुटायच्या धडपडीत पुढच्या पायाचं ते वरचं अंगठ्याचं नख फटीत अडकून उपटलं. नुसत्या कातडीवर लोंबत होतं. हॉलपासून न्हाणीपर्यंत पांढऱ्या फरशीवर रक्ताचे ठिपके. मी हळद दाबून धरली आणि ह्यांनी पट्टा सोडवला. भावजी तिथंच बिस्किट धरून उभे. म्हणाले काय, तर "सवय होईल त्याला, वहिनी. पहिल्यांदा असंच असतंय."

जखम भरल्यावर मी कोणाला न विचारता पट्टा हातात घेतला आणि पहाटे निघाले. सासूबाई दारात उभ्या होत्या. "सून कुत्र्यामागं पळाली म्हणून गल्लीत होईल," म्हणाल्या. मी म्हटलं, "होऊ दे की आत्या, निदान कोणीतरी पळतंय."

तुम्ही बेळगावचेच, तर येळ्ळूर रोड तुम्हाला सांगायला नको. वस्ती संपली की दोन्हीकडं भात, सुगीनंतर त्याच रानात मसूर आणि वाटाणा, समोर राजहंसगड. आता बघा, गुंड्या पहिले काही दिवस चाललाच नाही. प्रत्येक दगडाला, प्रत्येक खांबाला, बैलगाडीच्या चाकाला नाक लावून उभा. मी ओढायची, तो हटायचा नाही. भाताच्या बांधावर एक म्हातारे मामा बसलेले असायचे, त्यांच्याजवळ काळपट असा उंच कारवान कुत्रा. ते म्हणाले, "ओढू नको गं बाई, वाचू दे त्याला. रात्रभर कोण कोण येऊन गेलंय ते बघतोय." मी ओढायचं सोडलं. अर्ध्या तासात आम्ही जेमतेम किलोमीटरभर जायचो, आणि घरी आल्यावर गुंड्या असा झोपायचा की कुकरच्या शिट्टीला पण कान हलायचा नाही. मशीनवर नुसते पाय चालतात. कुत्र्याला दमायला डोकं आणि नाक दोन्ही लागतंय, आणि हॉलमधल्या रबरी पट्ट्यावर वास घ्यायला असतंय काय?

खरं सांगायचं तर वजन फिरण्यानं उतरलं नाही. म्हणजे उतरलं असेल थोडं, पण मोठा वाटा भाकरीचा. मी वाटी मापाची केली, दिवसाचं खाणं दोनदा मोजून द्यायचं, त्याच्या बाहेर कोणी तुकडा टाकला तर गुंड्याच्या ताटातलं तेवढं कमी. यावर घरात जी भांडणं झाली ती इथं लिहीत नाही. भावजींनी तर घरच्या ग्रुपवर टाकलं की 2016 मध्ये केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलंय, जवळपास चौथाई लॅब्रॅडॉरांत एक जीन अर्धवट असतो, त्यामुळं त्यांना भूक जास्त लागते. म्हणजे गुंड्याचा दोष नाही, वहिनी त्याला उपाशी मारतायत. बातमी खरी आहे. पण त्याच्यावरून निघतं काय? ज्याला पोट भरल्याचं कळत नाही त्याचं माप दुसऱ्यानंच धरायला नको का? मी पण त्याच ग्रुपवर टाकलं: अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांच्या, एकाच वेतातल्या जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला घालत जन्मभर बघितलं. 2002 मध्ये ते छापून आलं. कमी खाणारे सरासरी 1.8 वर्षं जास्त जगले, आणि सांधेदुखी पण त्यांना उशिरा लागली. त्याला भावजींचा फक्त अंगठा आला.

वर्षभरात गुंड्या 35 वर आला. बरगड्या दिसत नाहीत, पण हात लावला की मोजता येतात, तसंच पाहिजे. आणि खानापूरच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, भावजी पाहुण्यांना काय सांगत होते माहिताय? "आमची ट्रेडमिल पाठवली, तेव्हा कुठं बारीक झाला." मी वाढत होते, हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. पाहुण्यांसमोर दिराला काय बोलणार? म्हणून इथं लिहितेय. बेंगळुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्या घरी पोचल्या की हार स्वतःच्या गळ्यात!

आता तुमचा मुधोळ. त्याची गोष्ट गुंड्यापेक्षा वेगळी आहे. हा डोळ्यानं शिकार धरणारा कुत्रा, अंगात चरबी नाही, छाती खोल, पोट आत. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली, आणि 2016 मध्ये लष्करानं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली. ह्या जातीला एका लयीत अर्धा तास चालत राहणं पटतच नाही. त्याला दोन-तीनदा जीव तोडून पळायचं असतं आणि मग दिवसभर लोळायचं. तसं सुसाट पळायचं म्हटलं तर कुठल्याच घरगुती मशीनवर जमायचं नाही. कुंपण असलेलं एखाद्याचं रान, शाळेचं सुट्टीतलं मैदान, मालकाला विचारून, एवढं आठवड्यातून काही वेळा मिळालं तरी त्याचं भागतं. बाकी दिवस गळ्यात पट्टा बांधून बाहेर चालणं. पट्टा मोकळ्या रानात कधीच सोडू नका. ससा किंवा शेळीचं करडू दिसलं की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचणार नाही, आणि पुढं धनगर तुमच्याशी काय भाषेत बोलेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं वजन मात्र उतरवायला जाऊ नका. मुधोळच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे दुखणं नव्हे. शंका असली तर मुधोळजवळ तिम्मापूरला याच जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा, शेजाऱ्यांना नको.

पावसाचं म्हणाल तर मुधोळला पातळ कातडीमुळं थंडी पण लवकर वाजते आणि ओलं अंग पण सोसत नाही. जुलैत उघडीप बघून दहा मिनिटं खाली नेऊन आणा, पुसून कोरडा करा, आणि घरात त्याचं खाणं ताटात न देता खोलीभर लपवून ठेवा, शोधत बसू दे. त्यानं जेवढा दमतो तेवढा तुमच्या मशीननं दमणार नाही. साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, त्याची लस दर वर्षीची असते. रानातनं आलात की कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची. पहाटे बांधावरनं जाताना बॅटरी हातात पाहिजे, घोणस काही बाजूला सरकत नाही. एप्रिल-मेमध्ये डांबरावर स्वतःच्या हाताची मागची बाजू टेकवून बघा, सात सेकंद टेकवत नसेल तर घरी परता. जेवण झाल्या झाल्या पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि मग डॉक्टरकडं पोचेपर्यंत वेळ राहत नाही.

आणि मशीनबद्दल एवढं बोलल्यावर हेही सांगायला पाहिजे, की ती वाईटच असते असं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवतात, पाण्यात सांध्यावर भार कमी येतो, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली असतं. मालकाचेच गुडघे गेलेले असतील, किंवा कुत्रा रस्त्यावरच्या दुसऱ्या कुत्र्यांना बघून बिथरत असेल, तर कुत्र्यांसाठीच केलेली, लांब पट्ट्याची, दोन्ही बाजूंना आडोसा असलेली मशीन चालते. तीसुद्धा आधी बंद ठेवून तिच्यावर खायला द्यायचं, मग सगळ्यात कमी वेगावर दोन-तीन मिनिटं, तुम्ही शेजारी उभं राहून, पट्टा हातात धरून. दांडीला नाही! आणि पिल्लाला तर नकोच, हाडं पुरी व्हायच्या आत पळवलं की सांधे बिघडतात. तुमचा दीड वर्षाचा आहे, ती काळजी तुम्हाला नाही. रोज किती मिनिटं ते मला विचारू नका, आमच्याकडं ती चार पावलांपलीकडं गेलीच नाही.

वेळ नाही म्हणता, त्यावर मात्र माझा फार विश्वास नाही. मशीनवर कुत्रा चढवायचा तर शेजारी उभं राहायला पण तेवढाच वेळ लागतो. तुमच्या घरात पहाटे कोण उठतं? आई, बायको, बहीण, कोणीतरी उठत असेलच. त्यांना कुत्र्याला घेऊन बाहेर जायचंय का, हे कोणी विचारलंय का त्यांना? ते विचारून इथं खाली लिहा, मग मशीनचं बघू.