सांगली-साताऱ्याच्या गोठ्यातून: वाढे, डिग्री, मुरघास आणि दहा दिवसांचे बिल

वाळवा तालुक्यातून प्रश्न: ऊसतोड सुरू झाली की चार महिने आम्ही गाईंना वाढेच (उसाचे हिरवे शेंडे) घालतो. यंदा व्यालेल्या दोन गाई दुसऱ्या दिवशी बसल्या, उठेनात. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उठल्या. वाढ्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: आहे. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर असते. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे निघून जाते. गाय व्याली की चिकातून (व्यायल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून) एकदम कॅल्शियम बाहेर पडते आणि रक्तातली पातळी कोसळते. याला दुधाचा ताप म्हणतात, पण ताप मुळीच नसतो. कान आणि शिंगांची मुळे हाताला थंड लागतात, नाकपुडी कोरडी पडते, गाय मान कुशीवर वळवून गप्प बसते. विताना आणि व्यायल्यापासून 72 तासांत असे दिसले तर डॉक्टरांना लगेच बोलवा. ते येईपर्यंत गाईला आडवी पडू देऊ नका. दोन्ही बाजूंना भुश्श्याची पोती लावून छातीवर बसती ठेवा. तोंडाने तेल, गूळपाणी काहीही पाजू नका. अशा गाईला नीट गिळता येत नाही, पाजलेले फुफ्फुसात जाते आणि कॅल्शियमने वाचणारी गाय त्याने मरते. कॅल्शियमची बाटलीही स्वतः लावू नका. ती अंगाइतकी कोमट करून अगदी सावकाश सोडावी लागते, घाई झाली तर हृदय बंद पडते.

वाढे बंद करायची गरज नाही. इतकी स्वस्त वैरण सोडणे परवडणारही नाही. पण ते एकटे घालू नका. हिरव्या चाऱ्यात त्याचा वाटा निम्म्यावर नेऊ नका आणि कुट्टी (बारीक तुकडे) करूनच घाला. कुट्टीवर 1 टक्का चुन्याची निवळी शिंपडा: 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम चुना रात्री भिजत घालायचा, सकाळी वरचे निवळ पाणी घ्यायचे, खालचा गाळ टाकायचा. दुभत्या गाईला रोज 50 ते 60 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. वाढ्यात प्रथिनेही कमी, सुक्या मापाने 5-6 टक्क्यांच्या आसपास. दुभत्या गाईला एकूण आहारात 14 ते 16 टक्के लागतात. म्हणून जोडीला लसूण घास (ल्युसर्न, प्रथिनांचा हिरवा चारा) हवा. बांधालगत पाच गुंठे लावला तरी दोन-तीन गाईंना मोठा आधार होतो.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत जादा कॅल्शियम देऊ नका. त्या दिवसांत बाहेरून भरपूर मिळाले की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय सुस्तावते आणि व्यायल्यावर गरज पडते तेव्हा ती वेळेत जागी होत नाही. या काळात निवळी, कॅल्शियमची बाटली आणि लसूण घास तिन्ही थांबवा, वाढेही काढा. मक्याचा चारा आणि कडबा ठेवा. व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला मात्र चीक पहिल्या दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका मिळालाच पाहिजे.

खटाव तालुक्यातून प्रश्न: संकलन केंद्रावर कधी फॅट तर कधी डिग्री (लॅक्टोमीटरवरचे माप, त्यावरून एसएनएफ काढतात) कमी लागते आणि दर कापला जातो. पाण्याचा थेंब घालत नाही. मग चूक कुठे?

उत्तर: गाईच्या दुधाचा दर साधारणपणे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरत आला आहे. त्याखाली गेले की प्रत्येक पॉइंटला कपात होते. फॅट आणि एसएनएफ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, कारणेही वेगळी.

फॅट कमी लागत असेल तर आधी धार बघा. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट 1-2 टक्केच असते, शेवटच्या दुधात त्याच्या कितीतरी पट. घाईत शेवटचे पाव-अर्धा लिटर कासेत राहिले, तर हरवते ते सगळ्यात दाट दूध. दोन धारांमधले अंतरही मोजा. संध्याकाळी पाच ते सकाळी सहा म्हणजे तेरा तास. म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. मग गव्हाण बघा. कुट्टी भुश्शासारखी बारीक असेल किंवा मक्याचा भरडा एका वेळी दोन-तीन किलो घालत असाल, तर पोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतो आणि फॅट पडते. दुपारी निवांत बसलेल्या गाई मोजा. दहापैकी निम्म्याही रवंथ करताना दिसत नसतील तर तंतुमय चारा कमी पडतोय. लांब कडबा वाढवा, पेंड तीन-चार वेळा विभागून द्या. खाण्याचा सोडा रोज 100 ते 150 ग्रॅम आंबोणात (भिजवलेल्या पेंडीत) चालतो. कॅनमध्ये चिमूटभरही नको, ती भेसळ आहे आणि तपासणीत सापडते.

एसएनएफ कमी लागण्याची कारणे बहुधा तीन: गाय उपाशी, म्हणजे पोट भरते पण ऊर्जा कमी. दुसरे, लपलेला कासदाह (कासेची सूज). दूध डोळ्यांना चांगले दिसते, गाठी नसतात, पण एखाद्या सडात आजार असतो. सीएमटीचे (कासदाह ओळखायच्या चाचणीचे) द्रावण आणि चार कप्प्यांची ताटली आणून महिन्यातून एकदा चारही सडांचे दूध वेगवेगळे तपासा. ज्या कप्प्यात दूध शेंबडासारखे घट्ट होते तो सड आजारी. रोज धारेनंतर सड अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईला अर्धा तास बसू देऊ नका, कारण तेवढा वेळ सडाचे तोंड उघडे असते. गव्हाणीत ताजी वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते. तिसरे कारण मोजणीतले. नुकत्याच काढलेल्या फेसाळ दुधात हवा असते आणि ते गरमही असते, त्यामुळे लॅक्टोमीटर कमी डिग्री दाखवते. तासाभराने, दूध हलक्या हाताने ढवळून, 27 अंशांवर मोजा. घरी एक लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर ठेवा. केंद्रावर वाद घालायचा तर हातात आठ दिवसांची स्वतःची नोंद हवी.

आटपाडी तालुक्यातून प्रश्न: पाच गाई आहेत. फेब्रुवारी ते मे चारा विकत घ्यावा लागतो. मुरघासाचा (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा किती मोठा काढू?

उत्तर: पाच गाई, रोज 15 किलो, 120 दिवस म्हणजे 9 टन. नीट दाबलेल्या एका घनफुटात साधारण 15 किलो मुरघास बसतो, म्हणून 600 घनफूट हवेत: 40 फूट लांब, 5 फूट रुंद, 3 फूट खोल. रुंदी वाढवू नका. रोज उघड्या तोंडावरून चार ते सहा इंच जाडीचा थर निघाला पाहिजे, नाहीतर हवा लागून तो आतून गरम होतो आणि बुरशी धरते. नासाडी धरून 25 गुंठे आफ्रिकन टॉल (चाऱ्याच्या वाणाचा) मका लावा.

कापणी दाणा चिकात (दाबला की दुधासारखा रस निघतो तेव्हा) असताना, पेरणीपासून 75 ते 85 दिवसांनी. तरी दिवसांपेक्षा मुठीवर भरवसा ठेवा. अर्ध्या-पाऊण इंचाची कुट्टी मुठीत घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा सावकाश फुलला आणि तळवा फक्त ओलसर झाला तर भरा. पाणी गळले तर कापलेला मका एक दिवस सुकू द्या. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय, थोडे पाणी शिंपडून दाबणी दुप्पट करा. अर्ध्या फुटाचा थर, त्यावर तुडवणी, मग पुढचा थर. खड्डा दोन दिवसांत भरून बंद व्हायला हवा. जिथे मुरघास बिघडतो तिथे दहातले नऊ वेळा कारण एकच, कोपऱ्यातली हवा. कोपरे पायाने दाबा, ट्रॅक्टरचे चाक तिथे पोचत नाही. 45 दिवसांनी उघडा. आंबट-गोडसर वास आणि पिवळसर हिरवा रंग हवा. काळा किंवा बुरशीचा भाग गाभण गाईला तर कधीच नको.

आणखी एक. पाण्याअभावी खुरटलेली हिरवी ज्वारी गुरांना सोडू नका. कोवळ्या आणि ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइडचे विष तयार होते.

कराड तालुक्यातून प्रश्न: पेंडीचे पैसे वजा जाता हातात काही उरत नाही, तरी सगळे म्हणतात गाव दुधावर चालते. खरे काय?

उत्तर: दोन्ही खरे. उसाचा पैसा वर्षातून हप्त्याहप्त्याने येतो, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. किराणा, शाळेची फी, औषध, सोसायटीचा हप्ता त्यावर निघतो. भिलवडीच्या चितळ्यांपासून इस्लामपूरच्या (आताचे ईश्वरपूर) राजारामबापू संघापर्यंत आणि कराडच्या कोयना संघापर्यंत टँकर, शीतकरण, वाहतूक, पेंडीची दुकाने यांवर हजारो घरे चालतात.

प्रश्न आहे तो दुधाचा रुपया गावात थांबतो का हा. दूध उत्पादनाच्या खर्चात 65 ते 70 टक्के खर्च खाद्याचा. सरकी आपल्याकडे फारशी पिकत नाही, ती पेंड कापसाच्या पट्ट्यातून येते. म्हणजे बिल आले की त्यातला मोठा वाटा पोत्यांच्या रूपाने जिल्ह्याबाहेर परत जातो.

तुमच्या गावचे दर घालून ही मांडणी करा. 15 लिटर देणारी गाय: पेंड 7.5 किलो (दीड किलो स्वतःसाठी, लिटरमागे 400 ग्रॅम), मुरघास 20 किलो, कडबा 4 किलो. समजा पेंड 32 रुपये, घरचा मुरघास 3 आणि कडबा 8 रुपये किलो, तर 240, 60 आणि 32, शिवाय खनिज मिश्रणाचे 10, मिळून 342 रुपये. लिटरला जवळजवळ 23 रुपये नुसते खाद्य. यात सगळ्यात मोठा आकडा पेंडीचा. चांगल्या मुरघासाने आणि लसूण घासाने रोज दीड किलो पेंड वाचली तर 48 रुपये, लिटरमागे 3 रुपयांहून जास्त. दुधाचा दर ठरवणे आपल्या हातात नाही, हे आहे.

दुसरी गळती कुणी मोजत नाही, ती हुकलेल्या माजाची (गाय फळवण्याजोगी असते त्या वेळेची). व्यायल्यावर 60 ते 90 दिवसांत गाय भरली (गाभण राहिली) तर वर्ष-तेरा महिन्यांत पुन्हा वेत. एक माज हुकला की 21 दिवस गेले. आटत आलेल्या गाईला रोज 150 रुपयांचे खाद्य धरले तर 3150 रुपये. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी रेतन करा. पहाटे आणि रात्री नऊच्या सुमारास गोठ्यात दहा मिनिटे नुसते उभे राहा. बहुतेक माज त्याच वेळी दिसतात. दावणीला बांधलेल्या गाईंपेक्षा मुक्त गोठ्यातल्या गाईंचे माज सहज कळतात.

जत तालुक्यातून प्रश्न: खिलार गाय विकून होलस्टीन (जास्त दूध देणारी विदेशी जात) आणावी का?

उत्तर: पाणी आणि सावली बारमाही असेल तरच. दुभत्या होलस्टीनला 40-60 लिटर पाणी आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे 4-5 लिटर लागते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. टँकरच्या गावात हा हिशेब बसत नाही. तिथे पंढरपुरी म्हैस जास्त टिकते, कडब्यावरही दूध देते. खिलार दुधासाठी नाहीच. ती बैलांसाठी आणि खोंडांच्या किमतीसाठी आहे, त्याच हिशेबाने ठेवायची की नाही ते ठरवा.