ठाण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वीज बचतीच्या सरकारी योजनांमधून खरंच काही मिळतं का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात टू बीएचके आहे, उन्हाळ्यात लाइट बिल पाच हजारांच्या पुढे जातं, सरकारच्या एवढ्या जाहिराती येतात तर फ्लॅटवाल्याच्या हातात नक्की काय पडतं, आणि भावाचं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे त्याला काही आहे का. मी ऐरोलीला राहतो, सोसायटीचा खजिनदार आहे (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून) आणि रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

एकट्या फ्लॅटवाल्याच्या खात्यात रोख पैसे येतील असं जवळपास काही नाही. पीएम सूर्यघर योजना २०२४ ला आली, त्यात घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० सबसिडी, पण त्याला छप्पर स्वतःचं लागतं. गावाला घर असेल तर तिथे जरूर बघा. इथली गच्ची सोसायटीची. पण सोसायटीला त्याच योजनेत कॉमन वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे वगैरे, किलोवॅटला १८,००० मिळतात आणि हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

आमच्याकडे कॉमन मीटरला महिन्याला साधारण १,५०० युनिट जायचे. पहिला सोलरवाला आला, गच्चीवर एक चक्कर मारली, पाच मिनिटांत म्हणाला पंचवीस किलोवॅट बसतील साहेब. मग मी आणि सेक्रेटरी रविवारी टेप घेऊन वर गेलो. एका किलोवॅटला मोटामोटी १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, त्यातून पाण्याच्या टाक्या गेल्या, सोलर वॉटर हीटर गेले, डिश अँटेना गेल्या, आणि दुपारी चारला लिफ्टच्या केबिनची सावली कुठवर येते ते खडूने आखलं तर हातात राहिली बारा किलोवॅटची जागा. म्हणून सांगतो, कोटेशन घ्यायच्या आधी सावली बघा, तीही डिसेंबरात, तेव्हा ती सगळ्यात लांब पडते.

पुढचा घोळ वेगळाच. कॉमन मीटरचं बिल अजून बिल्डरच्या नावावर! पंधरा वर्षं आम्ही बिल भरतोय आणि वरचं नाव कोणी वाचलंच नाही. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि सबसिडी बँकेत यायची तर नाव जुळायला हवं, त्यामुळे आधी नाव बदला, मग मंजूर भार (म्हणजे मीटरवर जास्तीत जास्त किती किलोवॅट घ्यायला परवानगी आहे तो आकडा) कमी होता तो वाढवून घ्या कारण त्याच्यापेक्षा जास्त सोलर लावता येत नाही, यातच चार महिने गेले. जनरल मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले गच्चीला भोकं पाडणार आणि माझं सिलिंग गळणार, ते काही चुकीचं नव्हतं, शेवटी भोकं न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं केलं. खर्च साधारण साडेसहा लाख, सबसिडी २,१६,०००. आता चांगल्या महिन्यात हजार-बाराशे युनिट निघतात, जुलैत ढगांमुळे ते बरंच कमी होतं. आणि पॅनल पंधरा दिवसांनी धुवावे लागतात, ठाणे-बेलापूर रोडची धूळ आहे ती, वॉचमनला त्याचे वेगळे पैसे देतो.

आता तुमच्या घरातलं. माझ्या मते सरकारने सामान्य माणसासाठी केलेलं सगळ्यात कामाचं काम म्हणजे एसी-फ्रिजवरचा तो स्टारचा स्टिकर, आणि आपण घरी आणल्या आणल्या तो सोलून टाकतो. बीईई म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, २००६ पासून हे लेबल चालू आहे. दुकानात लोक नुसते स्टार मोजतात, त्याखालचा वर्षाला इतके युनिट हा आकडा कोणी वाचत नाही. एसीवर तो आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो, म्हणजे रोज आठ तास असे २०० दिवस. मी घेतला तेव्हा तीन स्टारवर ९७० युनिट होते आणि पाच स्टारवर ७५०. २२० युनिटचा फरक, आणि तो तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कमी होतो जिथे सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या वर पडतं. बेडरूममध्ये रात्रभर चालणार असेल तर पाच स्टार घ्या, पाहुण्यांच्या खोलीत तासभर लावायचा असेल तर तीन पुरे. लेबलवरचं वर्षही बघा. जुलै २०२२ ला निकष कडक झाले तेव्हा आधीचा पाच स्टार एका दिवसात चार स्टार झाला, त्यामुळे जुना स्टॉक कोणी स्वस्तात देत असेल तर का देतोय ते कळतं.

एसीच्या नादात पंखे विसरू नका. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. चौदा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात, आणि आपल्याकडे पंखा बारा महिने फिरतोच. सगळे बदलायची गरज नाही, हॉल आणि बेडरूमचा बदला. बल्बचं आता काही उरलं नाही, २०१५ च्या उजाला योजनेत आम्ही बिलाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभे राहून एलईडी आणले होते, पण तीनशे-साडेतीनशेचा बल्ब सत्तर-ऐंशीवर आला तो तेव्हाच्या घाऊक सरकारी खरेदीमुळेच.

भावासाठी: २०२५ ला बीईईची अदिती नावाची योजना आली, लघु-मध्यम उद्योगांनी वीज वाचवणारी मशिनरी कर्जावर घेतली तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यमला ३ टक्के सवलत. पण ती १४ क्षेत्रांपुरती आणि पहिल्या टप्प्यात ६० क्लस्टरपुरती (एकाच धंद्याचे कारखाने एकत्र असलेले भाग) आहे, तेव्हा आपलं काम त्यात बसतं का हे त्याने आधी बघावं, मग एनर्जी ऑडिटवाल्याला, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते तपासणाऱ्याला, बोलवावं.

आणि कर्जाआधी एक फुकटचं काम. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू करून लाइनमध्ये प्रेशर भरायचं. हवा कोणी वापरत नाहीये तरी दर दोन-तीन मिनिटांनी तो लोड घेत असेल, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागत असेल, तर ती गळती आहे. आम्ही साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन एकेक जॉइंट बघितला, अकरा ठिकाणी फेस आला, टेफ्लॉन टेप आणि क्लॅम्प मिळून खर्च हजारच्या आत. त्याच्याकडे तीनदा रिवाइंड केलेली एखादी मोटर पण असणारच, दोन शिफ्ट चालत असेल तर पुढच्या वेळी जळली की रिवाइंडिंगला टाकू नका, आयई३ ची (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा दर्जा) नवीनच घ्या म्हणावं.