सातारा-सांगलीची मुलं, युद्धाचा काळ आणि समुद्र: कालप्रवासाच्या बालकादंबरीसाठी कुठला काळ निवडावा?

तुम्ही विचारलंय की दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कालप्रवासाची साहसकथा लिहायची आहे, त्यात युद्ध हवं, समुद्र हवा आणि मुलं मात्र आपल्याकडची हवीत. मग काळ कुठला घ्यावा, आणि इतिहास न बिघडवता मुलांना करायला काय द्यावं?

मी वाळवा तालुक्यातला. मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखितं अधूनमधून वाचायला येतात, त्या अनुभवावर आधी एक सांगतो: कान्होजी आंग्र्यांकडे जाऊ नका. आरमार म्हटलं की सगळे तिकडेच धावतात आणि मग पोरं आठ प्रकरणं नुसती मुजरे करत हिंडतात. १९४६ चं नौदलाचं बंड चांगलं आहे. मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर निकृष्ट जेवणावरून ठिणगी पडली, हे मुलांना लगेच पटेल. पण पुढचं राजकारण समजावण्यातच पानं संपतात.

माझं मत १४ एप्रिल १९४४ ला, मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या दिवसाला.

फोर्ट स्टिकीन हे मालवाहू जहाज इंग्लंडहून निघून कराचीला आलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात लागलं. इंग्लंडहून निघतानाच पोटात जवळजवळ १४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर आणखी कापसाच्या गाठी, तेल, लाकूड, अगदी मासळीचं खतसुद्धा चढवलं. एरवी दारूगोळा बाहेर पाण्यातच पडावांत, म्हणजे माल वाहणाऱ्या होड्यांत, उतरवायचा असे. युद्धाच्या घाईत ते गुंडाळून जहाज थेट धक्क्याला घेतलं. धोक्याचा लाल बावटाही वर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यातून धूर यायला लागला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दुसरा साधारण अर्ध्या तासाने. जलपद्म नावाचं अख्खं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर येऊन पडलं. सोन्याची एक वीट दूरच्या एका घराचं छप्पर फोडून आत आली. हे तुम्ही मनाने रचलं असतं तर मी समासात लाल शाईने ‘अतिरेक’ लिहिलं असतं.

आता यात आपला मुलूख कुठे? तेव्हा आपल्याकडच्या गावागावांतली माणसं मुंबईत गोदीत, गिरणीत, बाजारात ओझी उचलायला होती. एका हमालाला तुमच्या नायिकेचा पणजोबा करा. आणि गंमत बघा, त्याच १४ एप्रिलला तिकडे पश्चिम खानदेशात चिमठाण्याजवळ जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख रुपये प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्यातल्या भूमिगत समांतर सरकारच्या, कामासाठी पळवले. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ गोदीत, दुसरा भूमिगत, आणि दोघांचाही दिवस एकच! गावाकडे पोलीस दुसऱ्याला शोधतायत, तर पहिल्याचं काय झालं हे कुणालाच माहीत नाही, कारण स्फोटाच्या बातमीवर सेन्सॉर होता. एवढा योगायोग आयता मिळतोय, तो सोडू नका.

समुद्रासाठी मुलांना कराचीत उतरवा. तिथून मुंबईपर्यंत जहाज ताफ्यातून आलं. अरबी समुद्र, रात्री सगळे दिवे बंद, जपानी पाणबुड्यांची धास्ती, आणि पोरं लपलीयत नेमकी कापसाच्या गाठींमागे. वाचणाऱ्याला तारीख ठाऊक आहे, जहाजावरच्या कुणालाच नाही. इथे घाई करू नका, निम्मं पुस्तक या प्रवासालाच द्या.

खरी अडचण पुढे येते. मुलांना पुढचं माहीत आहे म्हटल्यावर ती स्फोट थांबवायला बघणारच. त्यांना बघू द्या! अधिकाऱ्याला सांगू द्या, कुणी ऐकणार नाही. खाकी चड्डीतलं पोरगं येऊन ‘जहाज बुडवा’ म्हणालं तर कोण ऐकेल? खरं तर त्या दोन तासांत मोठ्यांमध्येही जहाज जागीच बुडवावं की बाहेर न्यावं यावर एकमत होत नव्हतं. तेव्हा मुलांना कमी लेखण्याचं कारण नाही, ती चुकलेली नाहीत, फक्त लहान आहेत.

मग त्यांनी करायचं काय? मृतांचे आकडे बघा. कुठे आठशे, कुठे तेराशे. मधली ही पाचेकशे माणसं कुणी नीट मोजलीच नाहीत, त्यातले कितीतरी हमाल आणि मजूर असणार. ज्यांची नोंदच नाही त्यांच्यात एखादा वाचला तर इतिहासाची एक ओळही बदलत नाही. तुमच्या पोरांना तिथे मोकळीक आहे. नियम एकदाच, पहिल्या तीन प्रकरणांत सांगून टाका: कागदावर आहे ते बदलत नाही, कागदावर नाही तिथे प्रयत्न करता येतो. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची नोंद आहे, म्हणून त्यांना वाचवता येणार नाही. मुलीला हे एका बंबवाल्याशी ओळख झाल्यावर कळू द्या. पुस्तकातलं सगळ्यात अवघड प्रकरण तेच होईल. ते लिहायचं टाळू नका.

बारीकसारीक गोष्टी सांभाळा. खिशातली आजची नाणी चालणार नाहीत, तेव्हा रुपयाचे सोळा आणे. पुणे-मिरज लाइन मीटरगेज होती, त्यामुळे मुंबईहून परतताना पुण्यात गाडी बदलावी लागेल. याच लाइनवर शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारवाल्यांनी पगाराची गाडी लुटली होती, म्हणजे डब्यात पोलीस असायला हरकत नाही. आणि ‘सांगली जिल्हा’ कुणाच्या तोंडी घालू नका. आपला वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, सांगली वेगळं संस्थान.

संवाद आपल्याकडच्या बोलीत ठेवा. ‘काय करायलाईस रं?’ असं पणजोबाने पहिल्याच भेटीत विचारलं की शहरातल्या शाळेत वाढलेली पणती कशी गडबडेल, ते लिहायला तुम्हालाही मजा येईल. स्फोटाचं वर्णन मात्र तीन-चार पानांत आटपा, आणि ते धक्क्यावरून नको, गोदीजवळच्या मांडवी भागातल्या एखाद्या गल्लीतून दाखवा.