घोट्याजवळचं काळं हा त्वचारोग नव्हे

प्रश्न : माझं वय ४६. नाशिकला पोळी-भाजी केंद्रात रोज सहा-सात तास उभ्यानं पोळ्या लाटते. दुसऱ्या बाळंतपणापासून डाव्या पोटरीवर निळ्या शिरा फुगल्या आहेत. संध्याकाळी पाय भरून येतो. आता घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून खाजते. दोन वर्षं खाजेचं मलम लावतेय. शेजारणी म्हणतात, शिरा काढल्या तर पायातलं रक्त जाणार कुठून?
– एक वाचक

उत्तर : ताई, मलमानं खाज तेवढी निवेल, दुखणं जाणार नाही. माझी आई शिक्षिका होती, सारा जन्म फळ्यासमोर उभी. तिच्या घोट्याजवळचं असंच काळं आम्ही नायटा समजलो. पुढे तिथंच जखम झाली आणि ती भरायला अकरा महिने लागले. मी बारावीत होते, रोजची पट्टी मीच बदलायचे. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमधल्या छोट्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बाळंतपणं आणि तासन् तास उभं राहणं यांनी या झडपा सैल पडतात. रक्त उलटं उतरून घोट्याशी दाब साचतो, तांबड्या पेशी कातडीत झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह तिथंच राहतं. तोच हा काळा डाग. यापुढची पायरी जखमेची असते, म्हणून आता थांबू नका.

शेजारणींची भीती मला नेहमी ऐकू येते. पण पायातलं सुमारे ९० टक्के रक्त आतल्या, खोल शिरांमधून जातं. वरची बिघडलेली शीर बंद केली, तर उलट त्या रक्ताची वाट सुधारते. खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे मात्र आधी पाहावं लागतं. त्यासाठी पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरांमधलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतं ते दाखवणारी तपासणी) करा, आणि ती उभं करून करायला आवर्जून सांगा. नुसतं आडवं झोपवून पाहिलं तर रक्ताचा उलटा ओघ सुटून जाऊ शकतो.

वरच्या शिरांपैकी मुख्य शीरच नादुरुस्त निघाली, तर लेझरनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं आतून तापवून ती बंद करतात. जागा बधिर करून सुईएवढ्या छिद्रातून हे होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. खर्च झेपत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शीर बांधून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया होते. तीही चांगली आहे, तिला कमी लेखू नका.

दाबाचे मोजे, म्हणजे पाय घट्ट आवळून धरणारे खास मोजे, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज नसताना घालायचे. मधुमेह असेल तर पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय घालू नका. मोज्यांनी भरलेपणा कमी होतो, झडपा मात्र दुरुस्त होत नाहीत. पोळ्या लाटताना अर्ध्या-पाऊण तासानं वीसेक वेळा टाचा उचला. शिरांवर तेलानं रगडणं नको.

शिरेला खरचटून रक्त उडालंच, तर उभ्या राहू नका. जागीच आडव्या व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा. वर दोरी आवळू नका. आणि एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पोळ्यांची ऑर्डर कितीही मोठी असो.