वाचक विचारतात : सोचीवरून अबखाझिया

प्रश्न : पोरगं जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएस करते. उन्हाळी सुट्टीत मित्रांसंगं रशियातल्या सोचीवरून अबखाझियाचा समुद्र पाहून येतो म्हणते. एजंट सांगते, तो वेगळाच देश आहे, जॉर्जियाचा काही संबंध नाही. जाऊ द्यावं का? (एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : त्या वाटेनं नको. अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे जॉर्जियातून फुटून निघालेले प्रदेश. ऑगस्ट २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर रशियानं त्यांना देश म्हणून मान्यता दिली. पाठोपाठ मोजक्याच देशांनी दिली, त्यातले वानुआतू आणि तुवालू नंतर मागे फिरले. भारतानं दिलेली नाही. जॉर्जियानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यापलेल्या प्रदेशांचा कायदा केला : परदेशी माणसानं अबखाझियात जॉर्जियातल्या झुगदिदीच्या आणि दक्षिण ओसेशियात जॉर्जियातल्याच गोरीच्या बाजूनंच शिरायचं. सोचीकडून रशिया-अबखाझिया सीमेवरची प्सोऊ नदी ओलांडली की फौजदारी गुन्हा, दंड किंवा कैद.

अबखाझियाचा व्हिसा सुट्या कागदावर मिळतो, असं एजंट म्हणेल. तेवढं खरं आहे. पण प्सोऊच्या नाक्यावर रशियातून बाहेर पडल्याचा शिक्का पासपोर्टवरच बसतो, आणि जॉर्जियात परतताना तोच बोलतो. शिवाय एकदाच प्रवेश देणारा रशियन व्हिसा तिथंच संपतो. परत सोचीत येताच येत नाही. अडकला तर मदतीला तिथं आपला दूतावास नाही. कुणी समुद्राकाठचा स्वस्त फ्लॅट दाखवला तर त्याच्याही नादी लागू नका. जॉर्जियाच्या कायद्याबाहेरचा असा व्यवहार तिथं मुळातच रद्दबातल धरतात.

प्रश्न : 'फुटून निघालेल्या प्रदेशाला मान्यता देऊ नका' असा कायदा अमेरिकेची संसद करू शकते का? (एक शिक्षक, चिखलदरा)

उत्तर : सरळ नाही. मान्यता देणं हा एकट्या राष्ट्राध्यक्षांचा अधिकार, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये झिवोटोफ्स्की खटल्यात ठरवलं. मग संसद तिजोरीला हात घालते. २०१७ च्या खर्चाच्या कायद्यात कलमच आहे : अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला मान्यता देणाऱ्या देशाच्या केंद्र सरकारला त्या पैशातून मदत नाही. निषेधाच्या ठरावापेक्षा हे जास्त झोंबतं. आपल्याकडे असा कायदा नाही. मान्यतेचा निर्णय केंद्र सरकारचा. बांगलादेशला ती ६ डिसेंबर १९७१ रोजी दिली.

प्रश्न : वेगळ्या विदर्भाला अशी मान्यता लागेल का? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : नाही हो! ते राज्य, देश नव्हे. घटनेच्या कलम ३ नुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीनं संसदेत विधेयक येतं आणि साध्या बहुमतानं मंजूर होतं. विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं.